मुंबई-लंडन विमानाला नेमके किती तास? पनवेलकरांनी आणखी काय बघावं?

घरातलं कुणी लंडनला निघालं की पहिला प्रश्न असतो, किती तास? मुंबई ते हीथ्रो सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना बऱ्याचदा पाऊण-एक तास कमी.

कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते मागून ढकलतात, जाताना समोरून अडवतात.

दुसरं कारण राजकारण. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली. दिल्लीच्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबईसमोर अरबी समुद्र असल्यानं फटका कमी.

तिकिटावरच्या वेळा वजा करून तास काढू नका, त्या स्थानिक असतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे.

आता पनवेलकरांसाठी. २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. त्यामुळे नुसतं 'मुंबई' वाचू नका, कोड बघा. जुन्याचा बीओएम, नव्याचा एनएमआय. समजा नागपूरचं विमान एनएमआयला उतरलं आणि लंडनचं बीओएमहून आहे, तर मधले ३५-४० किलोमीटर रस्त्यानंच. संध्याकाळी वाशीच्या पुलावर कुठला जेट स्ट्रीम येणार! तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पुढचं विमान चुकलं तर सहसा नवं तिकीट आपल्याच खिशातून.