राष्ट्राचा चित्रठेवा आणि दिल्लीची मक्तेदारी

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात मकबूल फिदा हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राला सुमारे ११८ कोटी रुपयांची बोली लागली आणि आधुनिक भारतीय चित्रकलेतील तोवरचे सारे विक्रम मोडीत निघाले. बातमीत आकड्याचेच कौतुक अधिक झाले. हे चित्र १९५४ साली रंगवले गेले आणि त्याच वर्षी एका परदेशी डॉक्टरांनी ते विकत घेतले, हा तपशील मात्र मागे पडला. पुढे कित्येक दशके ते नॉर्वेतील एका रुग्णालयाकडे होते. विशेष म्हणजे १९५४ हेच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्थापनेचेही वर्ष आहे. देश आपला आधुनिक चित्रठेवा जपण्याची व्यवस्था उभी करत असतानाच त्यातील एक मौल्यवान कृती देशाबाहेर जात होती.

२९ मार्च १९५४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दिल्लीतील जयपूर हाऊस निवडण्यात आले. जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ साली बांधलेला, फुलपाखराच्या आकाराचा आराखडा असलेला हा प्रासाद. बडोद्याच्या संग्रहालयाची धुरा वाहिलेले जर्मन कलाइतिहासकार हर्मन गट्झ पहिले अभिरक्षक झाले. उद्घाटनाचे प्रदर्शन शिल्पकलेचे होते आणि त्यात देवीप्रसाद रायचौधुरी व रामकिंकर बैज यांच्या कृतींचा समावेश होता.

संग्रहाचा पाया प्रामुख्याने अमृता शेरगिल यांच्या चित्रांनी घातला. १९४१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे लाहोर येथे निधन झाले. त्यानंतर कुटुंबीयांनी दिलेल्या चित्रांमुळे त्यांच्या कामाचा मोठा भाग विखुरण्यापासून वाचला. 'तीन मुली', 'ब्रह्मचारी', 'वधूचा शृंगार' ही चित्रे आज राष्ट्राच्या मालकीची आहेत. नंदलाल बोस यांच्या हजारो कृती, त्यांत १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली भित्तिपत्रे, तसेच रवींद्रनाथ टागोर आणि जामिनी राय यांचे काम यांची त्यात भर पडली. हुसेन यांचे 'जमीन' हे १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळालेले चित्रही याच संग्रहात आहे. 'ग्रामयात्रा' गेले, 'जमीन' राहिले. हा फरक केवळ वेळीच केलेल्या खरेदीचा आहे.

आज ती वेळ निघून गेली आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार राजा रविवर्मा, शेरगिल, जामिनी राय यांच्यासह नऊ कलावंतांच्या कृती देशाबाहेर कायमच्या नेता येत नाहीत. परंतु कायद्याने चित्र देशात राहते, लोकांच्या नजरेसमोर येतेच असे नाही. निर्यातीची बंदी असूनही शेरगिल यांच्या एका चित्राला २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाख रुपये मोजले गेले. अशा बाजारात सरकारी संस्थेला उतरणे जवळपास अशक्य. म्हणूनच हाती असलेल्या सतरा हजारांहून अधिक कृतींचे काय होते, हाच खरा प्रश्न ठरतो. २००९ मध्ये दिल्लीत नवी इमारत खुली झाली आणि प्रदर्शनाची जागा कित्येक पटींनी वाढली. तरीही एवढ्या संग्रहाचा फार मोठा भाग एका वेळी भांडारातच राहणार, हे उघड आहे.

मुंबईचा संबंध येथे येतो. जॉर्ज विटेट यांनी आखलेले, १९११ साली उभे राहिलेले सर कावसजी जहांगीर सभागृह मोडकळीस आले होते. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला आणि अखेर १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा सुरू झाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप ज्या शहराने दिला, त्याला हे दालन तसे उशिरानेच मिळाले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये याच दालनात 'कोरा कॅनव्हास'चे लेखक, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांना भाषणात अडवण्यात आले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बाजूला सारून निर्णय दिल्लीतून होणार आणि बहुतेक मजले संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहासाठी राखले जाणार, यावर त्यांनी बोट ठेवले होते. त्या गदारोळात चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे वळली. मूळ मुद्दा अर्धवटच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन तेथे भरले, ही समाधानाची बाब.

वास्तविक राष्ट्रीय संग्रहातील चित्रे मुंबईकरांना कायमस्वरूपी पाहायला मिळावीत, यात गैर काहीच नाही. शेरगिल किंवा नंदलाल पाहण्यासाठी विद्यार्थ्याने दिल्ली का गाठावी? आक्षेप चित्रे आणण्याला नाही, निवड करणाऱ्याला या शहराची कलापरंपरा ठाऊक नसण्याला आहे. काही मजले फिरत्या राष्ट्रीय संग्रहाला, काही स्थानिक कलावंतांच्या सिंहावलोकनाला आणि दोहोंच्या निवडीत स्थानिक जाणकारांचा अधिकार, अशी विभागणी अवघड नाही. नवी खरेदी आवाक्याबाहेर गेली असली, तरी दाखवण्याचा निर्णय सरकारच्याच हातात आहे. भांडारात बंद असलेले चित्र जनतेच्या मालकीचे असूनही, सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने नॉर्वेतील चित्राइतकेच दूर असते.