कडी वाजवली चोराने, बाहेर काढलं मालकिणीला

गेल्या सोमवारी सकाळी आईचा फोन. "अरे, मी काही केलं नाही रे, पण बँकेचं ॲप म्हणतंय खातं लॉक झालंय." मेसेज पाहिले. रात्री दोनच्या सुमारास लागोपाठ तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकलेला. आई साडेनऊला झोपते.

शाखेत गेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, तुमच्याकडूनच चुकलं असेल." नवीन पासवर्ड घेतला. बुधवारी पुन्हा लॉक! वय ७२, गुडघे कुरकुरतात, त्यात पेन्शन याच खात्यात. पुन्हा रिक्षा, पुन्हा रांग, पुन्हा तेच वाक्य.

रात्री कुणी आपल्या दाराची कडी वाजवली म्हणून सोसायटीने आपल्यालाच बाहेर काढावं, तसला हा प्रकार.

प्रयत्नांवर मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. चार आकडी पिनच्या शक्यता फक्त दहा हजार, मोकळं सोडलं तर कॉम्प्युटर त्या चुटकीसरशी संपवेल. पण अनोळखी यंत्रावरून कुणी चुकला तर ते यंत्र अडवा ना! आई रोज वापरते तो फोन का बंद करता? नाहीतर पंधरा मिनिटं थांबायला लावा. आज कुणालाही तिचा युजर आयडी माहीत असला की झालं, पैसे नाही चोरता आले तरी तिला शाखेत हेलपाटे घालायला लावता येतात.

आणि युजर आयडी काय होता? मोबाइल नंबर! जो आपण साडीच्या दुकानातल्या लकी ड्रॉपासून वॉचमनच्या वहीपर्यंत सगळीकडे लिहून देतो. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि विसरलो. अशा याद्या घेऊन एकेका खात्यावर पासवर्ड चालवून बघणं हा लोकांचा धंदा आहे. म्हणून किराण्याच्या ॲपचा पासवर्ड बँकेला ठेवायचा नाही.

आमचं शेवटी कशाने थांबलं? युजर आयडी बदलल्याने. तो पर्याय ॲपमध्येच होता, सेटिंगच्या पोटात. दोन फेऱ्यांत एकानेही सांगितलं नाही, मलाच चाचपडताना सापडला.

एक फरक मात्र घरातल्या ज्येष्ठांना समजावून ठेवा. "चुकीचा पासवर्ड" असा मेसेज आला तर माणूस अजून दाराबाहेर आहे. पण पासवर्डनंतर ओटीपी मागणाऱ्या खात्याचा ओटीपी न मागता आला, तर पासवर्ड त्याच्या हाती लागला असण्याची शक्यता आहे. लगेच बदला, मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे, स्वतः ॲप उघडून. आणि अशा मेसेजांपाठोपाठ "बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यावर हल्ला होतोय" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. माणूस घाबरलेला असतो, तेव्हाच आकडे सांगून बसतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३०.

गुरुवारी आईच्या सहीने शाखेत लेखी तक्रार दिली आहे. त्या रात्रींचे लॉगिनचे प्रयत्न कुठल्या आयपी पत्त्यावरून झाले, तेवढंच विचारलंय. मॅनेजर म्हणाले, "अहो, पैसे तर गेले नाहीत ना, मग कशाला?" पोच घेतली आहे, तारखेसकट. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तुमच्यापैकी कुणाला अशी माहिती बँकेकडून कधी मिळाली असेल तर खाली नक्की लिहा.