‘फ्रेशर’ सूनबाई

आमच्या लहानपणी बायोडाटा म्हटला की तो लग्नाचाच. उंची, रंग, गोत्र, मामाचं गाव... नोकरीसाठी बाईने बायोडाटा करायचा, ही राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या पालीत तशी नवलाईच. म्हणून शेजारची सून मोबाईल पुढे करून म्हणाली, ‘काकू, माझा रेझ्युमे बघा ना,’ तेव्हा मला कौतुकच वाटलं.

तो पुतण्याने दहा मिनिटांत करून दिला होता. फुकटात रेझ्युमे बनवून देणाऱ्या साईट्स नेटवर पुष्कळ आहेत. रकाने भरायचे की झाला तयार! दिसायला झकास. बाजूला निळा पट्टा, गोल फोटो, कौशल्यांपुढे चांदण्या. वरच्या चार इंग्रजी ओळी त्या साईटनेच लिहून दिलेल्या, ‘डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल’ वगैरे. आणि अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द – ‘फ्रेशर’.

मैत्रिणींनो, ही फ्रेशर चौतीस वर्षांची आहे! लग्नानंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. सहा वर्षं बचत गटाची सचिव आहे. सभेची हजेरी, ठराव, कर्जाचे हप्ते, बँकेच्या खेपा, सगळं तिच्याकडे. शनिवार-रविवारी पाली दरवाजाने गड चढणारी ट्रेकर मंडळी येतात, त्यांचं पिठलं-भाकरीचं जेवण तीच करते. यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. का, तर ‘ते काय काम आहे का काकू?’

महामार्गालगतच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सामानाचा हिशोब ठेवायला बाई हवी होती. तिथे साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, ‘डायनॅमिक म्हणजे काय हो?’ ही गप्प. कागदावरची बाई आणि खुर्चीतली बाई यांचा मेळच बसेना. पाच मिनिटांत परत पाठवलं.

मी या साईट्सच्या विरोधात नाही. टायपिंगवाल्याकडे हेलपाटा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण साईट रकाने देते, रकान्यात काय घालायचं ते तिला कुठून कळणार? म्हणून आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि लेकराच्या वहीतलं पान घेतलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. गटात बाया किती? महिन्याला बचत किती जमते? कर्ज थकलं तर काय करतेस? एका वेळी किती माणसं जेवतात? सामान कुठून आणतेस, उधारी कशी फेडतेस? तासाभरात पान भरलं. आपण काय काय करतो हे तिलाच नव्याने कळल्यासारखं झालं. मग तेच साध्या वाक्यांत उतरवलं. इंग्रजीतही तेवढंच, जेवढं तिला बोलून दाखवता येईल.

फुकटचं म्हणाल तर ते बऱ्याचदा डाऊनलोडच्या बटणापर्यंतच असतं! सगळं भरून झालं की पैसे मागतात. काही ठिकाणी सुरुवातीचे दिवस नाममात्र पैशात आणि नंतर दरमहा खात्यातून कापणी. रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमाने अशी कापणी व्हायच्या किमान चोवीस तास आधी मेसेज यायला हवा; तो वाचत चला. कॅनव्हामध्ये मुकुटाचं चिन्ह असलेले नमुने पैशाचे, बाकीचे फुकट. गुगल डॉक्समध्ये साधा नमुना मिळतो, मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीतून बोललात तर तो लिहूनही घेतो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी कॉम्प्युटर चाळतो, त्याला पट्टे-चांदण्या नीट वाचता येत नाहीत. तेव्हा साधाच बरा. सरकारच्या ‘महास्वयम’ आणि 2015 साली सुरू झालेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या पोर्टलवरही नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

आधार नंबर, बँक खातं रेझ्युमेत घालू नका. लग्न झालंय का, मुलं किती, हेही नको. अमेरिका-इंग्लंडात तर वय आणि फोटोसुद्धा न घालण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मात्र नवऱ्याचं नाव आधी! नोकरी लावतो म्हणून कोणी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली तर सरळ नाही म्हणा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

नावाचा घोळ आमच्याकडेही झालाच. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही लिहिली आणि लग्नाचा दाखला फाईलमध्ये लावला. पत्त्यापाशी ती पुन्हा अडली, ‘काकू, तालुका वेल्हे लिहू का राजगड?’ म्हटलं, अगं, आधारवर जे आहे तेच लिही, नाहीतर त्यांना वाटायचं तू दोन गावची!

गेल्या मंगळवारी दुसऱ्या एका कंपनीत बोलावणं आलं, तेही कँटीनचंच. बाईंनी वाचून विचारलं, ‘चाळीस माणसांना तांदूळ किती लागेल?’ ही ताडकन म्हणाली, ‘नुसता भात असेल तर साडेचार किलो, भाकरी असेल तर तीन. पण माणसं गड उतरून आलेली असतील तर अर्धा किलो जास्तच घ्या.’ बाई हसल्या म्हणे. पत्र अजून आलेलं नाही, रोज संध्याकाळी ती मोबाईल बघते आणि मीही तिला विचारते.