स्तनपानातले डावे-उजवे

बाळ पंधरा-वीस दिवसांचे झाले, की अनेक बाळंतिणींच्या एक गोष्ट लक्षात येते. डावी बाजू भरून येते, पदर ओला होतो. उजवी मात्र कायम हलकी. ब्लाउज एकीकडे ताणतो, दुसरीकडे सैल पडतो. बाळही हलक्या बाजूला दोन मिनिटे ओढते आणि रडून तोंड फिरवते. विषयच असा, की ती आधी कुणाला सांगत नाही. सांगते तेव्हा आईला नाही तर सासूला, आणि उत्तर ठरलेले असते : 'एका अंगाला दूधच नाही तुझ्या. पोर उपाशी राहतंय. वरचं सुरू करा.' संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात येतो.

बहुतेक घरांत हा डबा येण्याचे काही कारण नसते. दोन्ही बाजूंना सारखेच दूध येते, ही समजूतच चुकीची आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या संशोधकांनी ७१ माता आणि त्यांच्या केवळ स्तनपानावर वाढणाऱ्या एक ते सहा महिन्यांच्या बाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचे वजन करून दिवसभराचे दूध मोजले. २४ तासांत बाळ सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होते. पण डाव्या आणि उजव्या बाजूचे माप सारखे निघाले ते क्वचितच. ही निरोगी, भूक लागेल तेव्हा पिणारी बाळे होती. थोडक्यात, डावे-उजवे असणे हीच सर्वसाधारण स्थिती आहे.

असे का होते, हे गोठा असलेल्या घरात समजावून सांगावे लागत नाही. शेळीच्या कासेचे दोन भाग असतात. प्रयोगांत एकाच बाजूची धार जास्त वेळा काढली, तर दूध त्याच बाजूचे वाढले. दुसरी बाजू होती तशीच राहिली. बाईच्या शरीरातही हेच घडते. दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तातून दोन्ही स्तनांना सारखेच पोहोचते, पान्हा फुटतो तोही दोन्हीकडे एकदमच. पण दूध किती बनवायचे, याचा हिशेब प्रत्येक स्तन आपापला ठेवतो. दूध साचून राहिले, की त्या बाजूच्या पेशी काम मंदावतात. रिकामे झाले, की वेग वाढवतात. म्हणून बाळ ज्या बाजूला जास्त पिते तिकडे दूध वाढते, दूध जास्त म्हणून बाळाला तीच बाजू आवडते, आणि दोन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसू लागतो.

आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने आवडीने खावेत, त्यांत वाईट काही नाही. पण खिरीला डावे-उजवे कळत नाही. एकाच बाजूचे दूध वाढवणारे औषध, कल्प किंवा चूर्ण अस्तित्वात नाही.

आकाराचा गैरसमज तर त्याहून घट्ट. स्तनाचा आकार बराचसा चरबीवर ठरतो. दूध बनते ते ग्रंथींत. लहान स्तनात एका वेळी साठा कमी मावत असेल, तर बाळ जास्त वेळा पिते, इतकेच. घरात हंडा लहान असला, की पाण्याच्या खेपा वाढतात, तसे.

फरक कुठून सुरू झाला, हे मात्र शोधावे. बहुतेकदा कारण साधे असते. उजव्या हाताने काम करणारी आई बाळाला डाव्या हातावर घेते, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. हल्ली त्या हातात मोबाइल असतो. सिझेरियननंतर एकाच कुशीवर झोपून पाजण्याची सवय लागते. एका बाजूचे स्तनाग्र चपटे असते, किंवा त्याला चीर पडलेली असते, आणि दुखते म्हणून ती बाजू नकळत टाळली जाते. कधी कारण बाळाकडे असते : प्रसूतीत गळपट्टीच्या हाडाला इजा झालेली असते, मान एकीकडे आखडलेली असते, कान दुखत असतो. अशा बाळाला एका कुशीवर घेतले, की ते रडते. आणि घरचे म्हणतात, त्या बाजूला दूध नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. काही दिवस पाजण्याची सुरुवात हलक्या बाजूने करावी, कारण भुकेले बाळ जोर लावून ओढते. मग दुसरी बाजू द्यावी. बाळ चिडत असेल, तर ते अर्धवट झोपेत असताना हलकी बाजू द्यावी. आवडत्या बाजूला ते जसे आडवे असते, त्याच स्थितीत त्याला न फिरवता दुसऱ्या बाजूला सरकवावे, म्हणजे त्याचे पाय आईच्या काखेखालून मागे जातात. पुष्कळ बाळे या युक्तीला फसतात! पाजून झाल्यावर हलक्या बाजूचे दूध दिवसातून दोन-तीन वेळा हाताने काढावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. भरलेल्या बाजूला शिक्षा मात्र करू नये. ती दगडासारखी होईपर्यंत थांबले, तर दूध साकळून गाठ होते आणि ताप येतो. दाटल्यासारखे वाटले तर आराम पडेल इतकेच दूध काढावे. फरक दिसायला काही दिवस जातात, आणि तो पूर्ण मिटेलच असे नाही.

नाही मिटला तरी काय बिघडते? जुळ्यांच्या कितीतरी आया एकेका बाळाला एकेक बाजू देऊन दोघांना वाढवतात. हाँगकाँगच्या तांका या दर्यावर्दी कोळी समाजात केवळ उजव्याच बाजूने पाजण्याचा रिवाज होता. स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली आहे. त्या समाजाच्या पिढ्या एका बाजूच्या दुधावरच वाढल्या.

तेव्हा दूध पुरते की नाही, याचा निकाल स्तनाकडे बघून, दाबून किंवा पंपात किती आले ते पाहून देऊ नये. निकाल वजनकाट्याने द्यावा. पहिल्या काही दिवसांत घटलेले वजन दोन आठवड्यांच्या आत भरून निघाले, पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होत राहिली, पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा लघवी होत असली, आणि बाळ दिवस-रात्र मिळून आठ-बारा वेळा पीत असले, तर दूध पुरते आहे. कोणत्या बाजूने किती, हा प्रश्न उरत नाही.

वजन वाढत नसेल, तर गोष्ट वेगळी. काही स्त्रियांमध्ये ग्रंथीच कमी असतात. कुणाच्या छातीवर लहानपणी भाजल्याचा व्रण असतो, कुणाचे स्तनातले गळू कापलेले असते. अशा आईला 'प्रयत्न कर, येईल' एवढेच सांगत राहणे हाही अन्यायच. तिच्या बाळाला वरचे दूध लागले तर ते द्यावे, आणि त्याबद्दल तिला दोष देऊ नये. दूधपेढी जवळ असेल तर आधी तिथे विचारावे; मुंबईत शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

खरी अडचण व्यवस्थेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळते ते ४१.८ टक्के बालकांनाच. नैसर्गिक प्रसूतीनंतर बाई दोन दिवसांत घरी जाते. छाती भरून येते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे शंका उभी राहते, तेव्हा विचारायला परिचारिका जवळ नसते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. वजन तेव्हा होते. त्यांतल्या निदान दोन भेटींत तिने दहा मिनिटे बसून दोन्ही बाजूंनी पाजणे पाहिले, तर अर्धे डबे घरात येणार नाहीत. त्यासाठी तिच्यावर लादलेल्या नोंदवह्या कमी कराव्या लागतील, हेही आलेच.

डॉक्टरांनाही यातून सुटका नाही. १९९२ च्या कायद्याने पावडरच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण गर्दीच्या ओपीडीत बाळाचे वजन न करता कागदावर डब्याचे नाव लिहिले जाते, तेव्हा कंपनीला जाहिरातीची गरजच उरत नाही.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष नको. पाजूनही न विरघळणारी गाठ, स्तनाची त्वचा लाल होऊन थंडी-ताप, खड्डा पडलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, आतापर्यंत नीट पिणाऱ्या बाळाने एकच बाजू अचानक कायमची नाकारणे, यांसाठी आईला डॉक्टरांना दाखवावे. 'दुधाची गाठ आहे' म्हणून महिनोन्‌महिने थांबू नये. ताप असला तरी पाजणे सहसा थांबवावे लागत नाही, उलट दूध साचू न देणे हा उपचाराचाच भाग असतो.

उरला दिसण्याचा प्रश्न. तो क्षुल्लक म्हणून झटकू नये, कारण चारचौघांत जाताना ओढणी सावरत राहणाऱ्या बाईसाठी तो क्षुल्लक नसतो. ब्रा मोठ्या बाजूच्या मापाची घ्यावी आणि लहान बाजूला सुती रुमालाची घडी ठेवावी. लहान बाजूच्या मापाची घट्ट ब्रा घातली, तर भरलेल्या बाजूला दूध अडते. सहा महिन्यांनंतर बाळ वरचे अन्न खाऊ लागले, की फरक कमी होतो आणि दूध सुटल्यावर काही महिन्यांत स्तन बहुधा पूर्वीच्या मापाच्या आसपास येतात.