खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

‘डोंगल तेच हाय, मग चालत काऊन नाही?’ अमरावती-अकोल्याकडच्या दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न नेहमीचा. विंडोज ७ नव्याने टाकलेली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण, आणि ह्याच मॉडेलवर पूर्वी चाललेला ड्रायव्हर आता बसायला तयार नाही.

डोंगल तेच नसतं, एवढंच. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन ह्या वायफाय डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव कायम, चिप वेगळी. विंडोज खोकं वाचत नाही, हार्डवेअर आयडी वाचते: पहिलीचा ०सीएफ३-९२७१, दुसरीचा २३५७-०१०सी. प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये तो अर्ध्या मिनिटात सापडतो. ते अर्धं मिनिट वाचवण्यासाठी अनोळखी ‘ड्रायव्हर पॅक’ चालवणारा कारागीर ग्राहकाच्या यंत्राशी जुगार खेळतो, असं ह्या मासिकाचं स्पष्ट मत आहे.

आयडी जुळूनही कोड ५२ आला, तर अडचण ड्रायव्हरच्या सहीची असते. जुन्या डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला एसएचए-२ पद्धतीची डिजिटल सही ओळखता येत नाही. सर्व्हिस पॅक १ असलेल्या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१५ मध्ये केबी३०३३९२९ हे अपडेट दिलं. अनेकजण ते न टाकता सही-तपासणीच बंद करून मोकळे होतात. हे करू नये. १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट थांबलेल्या यंत्राचं उरलंसुरलं कुलूपही त्याने निघतं.

पण नेट नाही तर अपडेट उतरवायचं कशावर? अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं. विंडोज ७ बहुधा तो नेटवर्क कार्ड म्हणून ओळखते. धारणी-चिखलदऱ्याकडे, जिथे फोनलाच रेंजचा भरवसा नाही, तिथे निघण्याआधी हे अपडेट आणि नेहमीच्या चिपांचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यावेत.

राउटरही तपासावा. तो फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल, तर ड्रायव्हर कितीही अचूक बसवला तरी विंडोज ७ जोडली जाणार नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र सेटिंग करावी. आणि जाताना बिलावर मॉडेलच्या नावाशेजारी आवृत्ती व हार्डवेअर आयडी लिहावा. पुढच्या खेपेला तेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाती आलं, तर त्याला तिथून सुरुवात करता येईल.