सहा हजार कोटी आणि एक फॉन्ट

या आठवड्यात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात (आता ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हणायचं, पाटी बदलण्यात आपण कधी मागे नसतो) संशोधन नियतकालिकं सगळ्यांना खुली करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा भलामोठा फलक दिसला. योजनेला माझा विरोध नाही. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. उत्तमच. पण त्याच फलकाखाली बसलेली मराठीची एक संशोधक म्हणाली, “सर, माझ्या विषयावर आधी कुणी पीएच.डी. केलीय का, एवढंच बघायचंय. तेच सापडेना.”

कसं सापडणार? इंग्रजी शोधनिबंधासाठी दोन शब्द टाका, निबंध हजर. त्यातल्या संदर्भावर क्लिक करा, पुढचा हजर. मराठी प्रबंधही ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असतात, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांपासून इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची आहे. पण कित्येकांची शीर्षकं रोमन लिपीत. ‘ग्रामीण’ कुणी एका ‘आय’ने लिहितो, कुणी दोन ‘ई’ने, ‘कादंबरी’तला अनुस्वार कुणाला ‘एन’ वाटतो, कुणाला ‘एम’. सगळी स्पेलिंगं घालून बघायची. नशिबानं प्रबंध सापडलाच, तर तो तुकड्यातुकड्यांत: मुखपृष्ठाची फाइल वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, ऋणनिर्देशाची वेगळी. पहिलं प्रकरण गाठेपर्यंत उत्साह मावळतो.

आणि मग माझं जुनं तुणतुणं, युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत. पान पडद्यावर देखणं दिसतं. त्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवा: रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हांची भेळ. कारण टायपिंग युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपीत नाहीतर तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये. चारशे पानांत कथाकार शंकर पाटलांचा उल्लेख कुठे आलाय ते शोधायचं, तर बसा एकेक पान सरकवत. स्कॅन केलेल्या प्रबंधांची तर नुसती छायाचित्रंच.

गंमत पुढेच आहे. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ असतं. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमधल्या लेखाशी ताडला, तर शब्दन्‌शब्द उचललेला असला तरी साम्य शून्य! मराठीत वाङ्मयचौर्य होतच नाही, असा निष्कर्ष एखादी समिती काढेलही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे निधी नाही. निधी कशाला हवा? प्रबंध जमा करून घेताना समास मोजतात, बाइंडिंगचा रंग बघतात. त्याच यादीत ‘युनिकोड, एकच फाइल, शीर्षक देवनागरीत’ एवढी ओळ घाला. जुन्या प्रबंधांची शीर्षकं टाइप करायला विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं पुरतील. फक्त त्यांना श्रीलिपी शिकवू नका.