जामिनासाठी वर्गणी, अभ्यासासाठी कुलूप

मोहल्ल्यातली पोरं पोलिसांनी उचलली की आपल्याकडे एक काम फार चोख होतं. तासाभरात वर्गणी सुरू होते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चादर पसरली जाते, दुकानदार पाचशे-हजार टाकतात, एखादी आई कानातलं मोडते. मग वकिलाचा शोध सुरू होतो. कुणाच्या तरी ओळखीने जिल्ह्याच्या ठिकाणचा एक वकील मिळतो. तो तारखेला येतो, फी घेतो, निघून जातो. कोणतं कलम लागलं, जामीन कशामुळे नाकारला, आता अर्ज कुठे करायचा, हे घरच्यांना समजावून सांगेल असा एकही माणूस मोहल्ल्यात नसतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. ही धावपळ मी इतक्यांदा पाहिली आहे की वर्गणीच्या वहीतली नावंसुद्धा मला पाठ झाली आहेत.

त्याच मोहल्ल्यात गेल्या वर्षी सात मुलं कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायला एकत्र बसू लागली. चार मुली, तीन मुलगे. जागा जमातखान्याच्या मागची खोली, एरवी मांडवाचं सामान आणि देगी ठेवायची. मुलांनी ती झाडली, ट्यूब लावली, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. रविवारी मी जाऊन बसायचे. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी खोलीला कुलूप होतं. ट्रस्टींपैकी एका बुजुर्ग चाचांकडे गेले. वाईट माणूस नाही, वर्गणीत सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच असतो. ते म्हणाले, "बेटी, लोगां क्या बोलेंगे? मुलं-मुली एका खोलीत, तेही मगरीबनंतर."

हा लेख त्या कुलुपाबद्दल आहे. आपल्या समाजाला जामिनासाठी पैसा सापडतो, पण वकील घडवण्यासाठी एक खोली सापडत नाही. ही गरिबी नाही, हा आपण केलेला निवड-निवाडा आहे, आणि तो चुकीचा आहे.

परीक्षा आहे तरी काय

आधी माहिती नीट घेऊ, कारण अर्धी भीती माहिती नसल्याची असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते. ती २००८ पासून होते आणि गेली काही वर्षे डिसेंबरमध्ये घेतली जाते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कशास्त्र आणि थोडं गणित. वयाची अट नाही.

दुसरी परीक्षा राज्याची सीईटी. राज्यातल्या सरकारी, अनुदानित आणि खासगी लॉ कॉलेजांचा रस्ता तिच्यातून जातो. बारावीनंतर पाच वर्षांच्या आणि पदवीनंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती वेगवेगळी होते. मराठीतून देता येते, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे पेपरमध्ये एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला कुणी नसल्यामुळे मुलं प्रश्न सोडून येतात.

या परीक्षेला कायदा आधीपासून माहीत असावा लागत नाही. एक उतारा दिलेला असतो, त्यात एक नियम असतो, मग एक प्रसंग असतो. नियम प्रसंगाला लावायचा. म्हणून हा अभ्यास पाठांतराचा नाही, वाद घालण्याचा आहे, आणि वाद एकट्याने घालता येत नाही.

आमच्या खोलीतलं उदाहरण सांगते. उताऱ्यात करार कायद्यातला एक नियम होता: दुकानात माल मांडणं हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचं आमंत्रण. इंग्रजी चांगलं असलेल्या मुलीने उतारा वाचून मराठीत सांगितला, तरी बाकीच्यांना फरक उमगेना. मग फळाची गाडी लावणाऱ्याचा मुलगा म्हणाला, "यात काय? गाडीवर आंबे मांडले म्हणजे विकले असं थोडंच आहे? गिऱ्हाईक भाव बोलतं, अब्बू हो म्हणतात, तेव्हा सौदा." सगळ्यांना एका मिनिटात कळलं. त्या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, कायद्याची समज पक्की आहे. एकटा अभ्यास करत असता तर पहिल्या ओळीतच अडला असता. आणि त्या मुलीला हे उदाहरण कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

आमची पद्धत साधी होती. एकाने उतारा मोठ्याने वाचायचा. प्रत्येकाने आपलं उत्तर आधी कागदावर लिहायचं, म्हणजे हुशाराच्या मागे कुणी जाणार नाही. मग नुसतं बरोबर उत्तर सांगून भागायचं नाही. उरलेले तीन पर्याय का चूक, तेही सांगायचं. प्रत्येकाची चुकांची वेगळी वही. वर्तमानपत्रं वाटून घ्यायची: एकाकडे न्यायालयाच्या बातम्या, एकीकडे अर्थकारण, एकाकडे परराष्ट्र. रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. याला लाखाची फी लागत नाही. पण सात जणांना बसता येईल अशी जागा लागते, आणि ती जागा टिकावी लागते.

"लोगां क्या बोलेंगे"

आता हरकतींकडे येऊ. पहिली आणि सगळ्यात मोठी: मुलं-मुली एकत्र.

प्रश्न असा की मुलीने मग जायचं कुठे? कोचिंग क्लास पुण्या-मुंबईत, फी परवडत नाही, आणि परवडली तरी घरचे पाठवत नाहीत. घरात खोली एक, माणसं सहा. म्हणजे "एकत्र नको" याचा व्यवहारातला अर्थ "मुलगी नको" एवढाच उरतो. कुलूप सातही जणांसाठी लागलं, पण अभ्यास सुटला तो दोघींचा. बाकीची पाच जणं कोर्ट सुटल्यावर माझ्या ऑफिसात बसू लागली. त्या दोघींच्या घरचे म्हणाले, जमातीने ज्याला नाही म्हटलं त्यासाठी पोरीला बाजारपेठेत कशी पाठवू? त्यातली एक आमच्यात सगळ्यात जास्त गुण मिळवत होती.

शरियतच्या नावाने आपण किती मोर्चे काढले आहेत! १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, तेव्हा रस्ते भरून गेले. २०१७ मध्ये शायराबानोच्या खटल्यात तीन तलाक रद्द झाला, तेव्हा पुन्हा भाषणं झाली. दोन्ही खटले बायकांच्या नावाने ओळखले जातात. पण तो निकाल मुळातून वाचून, कोर्टाने नेमकं काय म्हटलं आणि काय नाही, हे मोहल्ल्यातल्या बायकांना सांगणारी वकील मुलगी आपण किती ठिकाणी तयार केली? आपल्या बायकांचे प्रश्न आपणच सोडवू म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या बायकांना कायदा शिकू द्यावा. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश १९८९ मध्ये झाल्या, त्या फातिमा बीवी. प्रत्येक जलशात आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. त्या वकिलीला निघाल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी दाराला कुलूप लावलं नव्हतं.

आणि ज्यांना खरोखर पडद्याचीच काळजी आहे, त्यांनी दार उघडं ठेवा, एखादी खाला येऊन बसू द्या, वेळ असरनंतरची करा. चर्चा करून मार्ग निघतो. कुलपाशी चर्चा होत नाही.

"सरकारच काही देत नाही"

दुसरी हरकत आरक्षणाची. २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नाही, तरी पुढे त्याचा कायदा झाला नाही. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. पण बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्यात ओबीसीत आधीपासून आहेत. त्यांच्या मुलांना हक्काच्या जागा आहेत आणि त्या हातून जातात, कारण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १९६७ पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात, मग जातीचा दाखला, पडताळणी, नॉन क्रीमिलेयर. निकाल लागल्यावर धावपळ केली तर मुदत संपते. आमच्या अभ्यासगटाने पहिल्या महिन्यातच प्रत्येकाच्या घरची जुनी कागदपत्रं काढायला लावली. एकाच्या पणजोबांची नोंद जुन्या खरेदीखतात सापडली. आरक्षणासाठी मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी मोहल्ल्यात वर्षातून एकदा दाखल्यांचं शिबिर घ्यावं. मोर्च्याइतकाच तोही लढा आहे.

दोष सगळा आपलाच नाही

आपल्या लोकांना बोलले म्हणून व्यवस्थेला माफी नाही. क्लॅट आजही फक्त इंग्रजीत होते. प्रादेशिक भाषांसाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. साडेचारशे शब्दांपर्यंतचे इंग्रजी उतारे एकामागून एक वाचायचे, म्हणजे तर्कशक्तीआधी शाळेच्या माध्यमाची परीक्षा होते. यावर उत्तर दिलं जातं की वरच्या कोर्टांची भाषा इंग्रजी आहे. मान्य. पण इंग्रजी शिकवायला पुढची पाच वर्षं आहेतच. दारातच इंग्रजी मागितली तर जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळेच्या मुलांना बाहेरच ठेवल्यासारखं आहे. राज्याची सीईटी मराठीत होऊ शकते, मग क्लॅट का नाही? अर्जाची फी खुल्या आणि ओबीसी मुलांना चार हजार रुपये. प्रवेश मिळाला तर वर्षाला लाखांत खर्च. ज्यांच्या घरात रोजंदारीवर चूल पेटते त्यांना हे आकडे पाहूनच घाम फुटतो.

याच कारणाने शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये आयडिया ही संस्था सुरू केली. लॉ कॉलेजात शिकणारे विद्यार्थी वंचित घरांतल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करतात आणि पुढेही त्यांच्या पाठीशी उभे राहतात. २०१९ मध्ये बशीर गेले, काम चालू आहे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवणं म्हणजे काय, हे त्यांनी दाखवून दिलं. तेच काम मोहल्ल्यात करायला आपल्याला कुणाची परवानगी हवी आहे?

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी एक गोष्ट हट्टाने सांगते: मराठीला परकी समजू नका. तालुका कोर्टाचं काम मराठीत चालतं, फिर्याद आणि पंचनामा मराठीत लिहिला जातो. आणि त्या मराठीतले शब्द पाहा: वकील, अर्ज, फिर्याद, जामीन, दावा, वारस, हक्क, तारीख. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. आपल्या घरात रोज बोलले जाणारे हे शब्द कोर्टात दिवसभर ऐकू येतात, आपली मुलं मात्र तिथे आरोपीच्या पिंजऱ्याजवळच जास्त दिसतात.

हे मी रागाने लिहीत नाही, आकडे तेच सांगतात. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांच्यात मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या १४ टक्क्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. अटकेतल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. हे ज्या घराला माहीत नसतं, ते कानातलं मोडतं. मोहल्ल्यात चार वकील असते तर निदान एवढं तरी वेळेवर कळलं असतं.

मागणी

म्हणून प्रत्येक जमातीच्या ट्रस्टींकडे माझी मागणी सरळ आहे. जमातखान्यातली एक खोली संध्याकाळी दोन तास मुला-मुलींच्या अभ्यासाला द्या. एक मराठी, एक इंग्रजी वर्तमानपत्र लावा. जामिनाच्या वर्गणीची जशी वही असते तशी परीक्षेच्या फीची एक वही ठेवा. दहा मुलांचे क्लॅटचे अर्ज चाळीस हजारांत होतात; एका जामिनाला याहून जास्त जातात, हे वहीत तुम्हीच पाहिलं आहे. आणि माझ्या वकील बंधू-भगिनींनी रविवारचे दोन तास द्यावेत.

आमच्या पाच जणांपैकी एकाला सीईटीतून लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला: त्या फळगाडीवाल्याच्या मुलाला. बाकी चौघं पुन्हा बसणार आहेत. सगळ्यात हुशार होती ती मुलगी घरी आहे, तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. तिची चुकांची वही माझ्याकडे राहिली आहे. शेवटच्या पानावर तीनच चुका आहेत.

चाचा, किल्ली तुमच्याकडे आहे. या रविवारी मी खोलीपाशी येऊन उभी राहणार आहे.